अडीच किलोपर्यंत

३ नोव्हेंबर
वजन १,९६० ग्रॅम

आदरणीय सासूबाई,

आपल्या नातीला काल रुग्णालयातून घरी सोडण्यात आले. ही माहिती मिळण्याचा आपला अधिकार आहे, म्हणून हे पत्र. आपण माझा दूरध्वनी घेत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. पत्र निदान टेबलावर पडून राहू शकते आणि वाचावेसे वाटेल त्या दिवशी वाचता येते.

जन्मतः तिचे वजन एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम होते, हे आपणांस ठाऊक आहे. त्यानंतरचे सात आठवडे ती नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात होती. वेळेआधी जन्मलेले मूल, त्यातून हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. ते शस्त्रक्रियेने बुजवावे लागेल. परंतु वजन अडीच किलो भरल्याखेरीज हात लावणे धोक्याचे, असे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. तेव्हा आता आमच्यापुढे दुसरा कोणताही विषय नाही. अडीच किलो.

अडचण अशी की तिचे हृदय सतत धापा टाकत काम करते आणि पोटात गेलेले सारे त्या धापांतच खर्ची पडते. चोखण्याइतकी शक्ती तिच्यात नाही, म्हणून नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातलेली आहे. दूध रुग्णालयाच्या दूधपेढीतून मिळते. ज्या मातांना पुरून उरते, त्या तेथे देतात. बाटल्या गोठवलेल्या येतात. या दुधाची ताकद वाढावी म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी दोन गोष्टी दिल्या आहेत. एक पोषक पूड. तिची एक पुडी पंचवीस मिलिलिटर दुधात घालायची. आणि एक पातळ तेल, जे अशा मुलांना सहज पचते. शिवाय जीवनसत्त्वाचे आणि लोहाचे थेंब. दर तीन तासांनी अडतीस मिलिलिटर. एवढे दिल्यास रोज वीस ते पंचवीस ग्रॅम वजन वाढावे, असा त्यांचा हिशेब आहे. कक्षात शेवटच्या काही दिवसांत ते तसे वाढतही होते.

मापाचे काम मी स्वतः करतो. गेली चौदा वर्षे मी दुकानदारांची वजने-मापे तपासत आलो आहे. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मी 'अंदाजे' हा शब्द वापरणार नाही.

मदतीला एक मावशी ठेवल्या आहेत. त्या पूर्वी त्याच कक्षात आया होत्या. मुलीला अद्याप नाव दिलेले नाही. मावशी तिला 'चिमटी' म्हणतात, कारण त्यांच्या मते ती चिमटीत उचलावी एवढीच आहे. मी आरंभी आक्षेप घेतला होता. आता माझ्याही तोंडून तेच निघते.

उत्तराची अपेक्षा नाही.

आपल्या नातीचा पिता

१२ नोव्हेंबर
वजन १,९९५ ग्रॅम

आदरणीय सासूबाई,

नऊ दिवसांत पस्तीस ग्रॅम. मी हे वाक्य तीन वेळा निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिले. ते कोणत्याही प्रकारे चांगले दिसत नाही.

आहारतज्ज्ञ बाईंना दाखवण्यासाठी मी सर्व नोंदींची वही नेली होती. त्यांनी ती बराच वेळ चाळली आणि म्हणाल्या, "दुधात सगळं आहे, पूड आहे, तेल आहे. मग जातंय कुठं हे?" मला वाटले, त्यांना ठाऊक असेल. त्या मलाच विचारत होत्या.

आमची कृती येथे जशीच्या तशी देतो. आपण तीस वर्षे दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्यात घालवलीत, त्यामुळे आपणांस तरी हे वाचून कंटाळा येणार नाही. बाटली आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवून वितळू देतो. ती न हलवता तीतून पन्नास मिलिलिटर दूध काचेच्या मोजपात्रात ओततो. पुडीचे माप पंचविसाचे असल्याने दोन पुड्या, म्हणून पन्नास. त्यात अर्धा मिलिलिटर तेल घालून काचेच्या कांडीने ढवळतो. ढवळल्याने फेस येतो, आणि फेसासकट घेतलेले माप हे माप नव्हे. म्हणून पात्र कोमट पाण्यात पंधरा मिनिटे स्थिर ठेवतो. फेस विरला की सिरिंजचे टोक मधोमध बुडवतो आणि वरचे बुडबुडे व तळाचे कण टाळून बरोबर अडतीस ओढतो. रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचतो. उरलेले बारा मिलिलिटर सूचनेप्रमाणे टाकून देतो, आणि पात्र उकळत्या पाण्याने धुतो.

मावशींना यातले काही पसंत नाही. परवा त्या म्हणाल्या, "साहेब, जरा हलवा की ते! फोटो काढायला बसवल्यासारखं काय ठेवलंय?"

मी म्हणालो, "मावशी, बुडबुडा म्हणजे हवा. हवेने वजन वाढत नाही."

"हवेनं नाही वाढत, कबूल," त्या म्हणाल्या, "पण वाट बघून तरी कुठं वाढतंय?"

त्या कामाला चांगल्या आहेत. बोलण्यास मात्र लगाम नाही. मोजपात्राला त्यांनी हात लावू नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे.

आपल्या लेकीने शिवून ठेवलेली सहा झबली आहेत. ती चिमटीला फारच मोठी होतात. मावशी बाह्या चार वेळा दुमडतात आणि तरीही बोटे आत राहतात. मी त्यांना दुसरी आणू का असे विचारले. त्या म्हणाल्या, "कपडे का लहान करायचे? पोर मोठी करू."

लग्न ठरले त्या दिवशी आपण सर्वांसमोर म्हणाला होतात, "जावई माप तपासणारा मिळाला. आता आमच्या घरात 'चिमूटभर' म्हणायचीही चोरी!" सगळे हसले होते. आपली लेक सर्वांत जास्त. ते आज का आठवले, सांगता येत नाही.

आपल्या नातीचा पिता

२१ नोव्हेंबर
वजन २,०६० ग्रॅम

आदरणीय सासूबाई,

आज हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. जे घडले ते क्रमाने लिहितो.

वही पाहून ते म्हणाले, "इतकी चोख नोंद मी आजवर कोणत्या बापाकडून पाहिलेली नाही. तुमच्याकडून काहीही कमी पडत नाही." हे ऐकून मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. पुढच्या वाक्याने ते बरे वाटणे संपले. ते म्हणाले, एवढे पोषण देऊनही मूल वाढत नाही, याचा अर्थ हृदय आम्ही समजत होतो त्यापेक्षा अधिक थकले आहे. आता अडीच किलोची वाट पाहण्यात अर्थ नाही. एक डिसेंबरला तिला दाखल करावे, तीनला शस्त्रक्रिया.

मी विचारले, "या वजनाला धोका किती?"

"अडीच किलोच्या मानाने तिपटीहून जास्त," ते म्हणाले. "पण थांबलो तर तोही वाढतच जाणार. मला दुसरी वाट दिसत नाही."

मी संमतीपत्र घरी आणले आहे. अद्याप सही केलेली नाही.

एक विसंगती मात्र नमूद करतो. चौदा आणि पंधरा तारखेला मला मापात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या खटल्यात साक्षीसाठी परगावी जावे लागले. मावशी दोन्ही दिवस मुक्कामाला राहिल्या आणि सर्व दूध त्यांनीच पाजले. परतलो तेव्हा दोन दिवसांत पंचावन्न ग्रॅम वाढ दिसली. त्यानंतरच्या सहा दिवसांत मिळून दहा. असे होणे शक्य नाही, म्हणून मी कार्यालयातून प्रमाणित वजने आणून घरचा काटा तपासला. काटा निर्दोष निघाला. नाइलाजाने ते दोन आकडे मी कंसात टाकले आहेत.

मावशींना विचारले, "तुम्ही काही वेगळे केलेत का?"

"मी? छे!" त्या म्हणाल्या. "पोरीशी गप्पा मारल्या. तुम्ही मारत नाही."

आपल्या नातीचा पिता

२३ नोव्हेंबर

सासूबाई,

परवाच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. त्याआधीच्या दोन्ही पत्रांतही ती नव्हती. तेवढीच लिहिण्यासाठी हे पत्र आहे, म्हणून आज वजन लिहीत नाही.

आपण त्या दिवशी रुग्णालयात पोहोचलात तेव्हा सर्व संपून सहा तास झाले होते. आपण मला एकच विचारलेत: "काल तुम्ही कळवलंत, प्रकृती स्थिर आहे. स्थिर म्हणजे काय?" मी उत्तर दिले की कक्षाबाहेरच्या फलकावर तसे लिहिले होते. आपण म्हणालात, "तुमचा फलक बरोबर होता. माझी लेक गेली." त्यानंतर आपण माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि काचेपलीकडच्या नातीला न पाहताच परत गेलात.

मी उशिरा कळवले, असे आपण मानता. घडले ते त्याहून वाईट आहे.

आदल्या दिवशी दुपारी चार वाजता ती म्हणाली, "आईला बोलवा."

मी विचारले, "फार त्रास होतो आहे का?"

"त्रास नाही. आई हवी."

मी म्हणालो की सहा वाजता मोठे डॉक्टर येतात. त्यांच्याशी बोलून नेमके काय ते कळवतो, उगाच आईला घाबरवायला नको. ती म्हणाली, "तुम्ही आणि तुमचं नेमकं!" आणि हसली. चिडून हसली नाही. माझ्या सवयींना ती जशी हसत असे, तशीच.

डॉक्टर सहाला आले नाहीत. साडेसातला आले, 'स्थिर' म्हणाले आणि फलकावरही तेच लिहिले गेले. मी तेवढा एक शब्द आपणांस कळवला. तिने बोलावले आहे, हे कळवले नाही. कारण प्रकृती स्थिर असताना बोलावणे धाडणे मला विसंगत वाटले. तिने पुन्हा विचारले, "कळवलंत?" मी "होय" म्हणालो. ते खोटे नव्हते. खरेही नव्हते.

चार वाजता कळवले असते, तर आपणांस सहाची गाडी मिळाली असती. ती सकाळी सातला पोहोचते. मी ते वेळापत्रक नंतर पुष्कळदा पाहिले आहे. आपली लेक नऊपर्यंत होती.

क्षमा मागण्यासाठी हे लिहिलेले नाही. ती मागण्याइतका मी स्वतःला पात्र समजत नाही. तीन डिसेंबरला काय होईल, ते डॉक्टरांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. नेमके काही कळण्याआधीच आपणांस कळवतो आहे. आपल्या नातीला पाहावे असे वाटत असेल, तर त्याआधी यावे. मी घरी असणे आपणांस नको असेल, तर मी बाहेर थांबेन.

मी

२८ नोव्हेंबर
वजन २,०७५ ग्रॅम

सासूबाई,

काल सकाळी सात वाजता आपला दूरध्वनी आला. माझे बोलणे अर्धेच राहिले, म्हणून लिहितो. आपण बोललात ते शब्दशः उतरवून ठेवतो आहे. माझ्या हातून पुन्हा काही सुटू नये म्हणून.

आपण माझा नमस्कार घेतला नाहीत. आपण म्हणालात, "पंधरा मिनिटं ठेवता ते दूध?"

"होय."

"आणि मधनं ओढता."

"होय. वर बुडबुडे असतात, आणि तळाशी…"

"खड्ड्यात गेले तुमचे बुडबुडे! केंद्रावर नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी मी तिला काय शिकवायचे, ठाऊक आहे? आधी कॅन ढवळ, मग नमुना घे. वरचं घेतलंस तर फॅट जास्त लागेल, खालचं घेतलंस तर कमी. ठेवलेलं दूध एकसारखं राहत नाही, जावईबापू! तुमचं तेल वर आलं. साय वर आली, अर्धी बाटलीलाच चिकटून राहिली. पूड खाली बसली. वरचं सोडलंत, खालचं सोडलंत आणि मधलं पाणी पोरीला पाजलंत. अगदी बरोब्बर अडतीस!"

मी वहीतले कृतीचे पान उघडले.

"त्या उरलेल्या बारात तिचं जेवण होतं. ते तुम्ही रोज आठ वेळा मोरीत ओतलंत आणि वर उकळतं पाणी टाकलंत. मावशीनं दोन दिवस हलवून पाजलं, तर पोर वाढली. आणि तुम्ही काय केलंत? काटा तपासलात!"

मग आवाज खाली आला. "चारही पत्रं काल एकदम फोडली. लागोपाठ दोन आली, तेव्हा वाटलं, काहीतरी बरं-वाईट झालं. दुसरं पत्र आलं त्या दिवशीच फोडलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. ते माझं चुकलं."

मी म्हणालो, "शेवटचे पत्रही…"

"वाचलं. त्याचं नंतर बघू. आधी पोर. मावशी आहे का तिथं? तिला द्या."

आपण दोघी अकरा मिनिटे बोललात. मावशी आधी "हो ना, हो ना" म्हणत होत्या, मग मोठ्याने हसल्या, मग पदराने डोळे पुसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "आजीला दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि आमच्या साहेबांनी नेमकी तीच वगळली!" तेवढ्यात त्यांचे लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेले. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवले आणि चहा दिला. मी सांगितल्यावाचून त्यांनी असे प्रथमच केले.

मावशींचे दोन दिवस वगळता तेवीस दिवस मी तिला उपाशी ठेवले. नोंद ठेवून, स्वच्छ हातांनी, वेळेवर. याहून वेगळ्या शब्दांत मला ते लिहिता येत नाही.

कालच रुग्णालयात जाऊन मी सर्व सांगितले. आहारतज्ज्ञ बाईंनी छापील सूचनांचा कागद पुढे ओढला. मला वाटले, आता त्या रागावतील, आणि ते मला हवेही होते. त्या म्हणाल्या, "कागदावर आम्ही 'मिसळा' एवढंच छापलंय. कक्षात सिस्टर बाटली हातात हलवत हलवतच पाजतात. ते इतकं अंगवळणी पडलंय, की घरी जाणाऱ्याला सांगायला हवं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. आजपासून सांगू." त्या स्वतः मला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तीन तारीख रद्द केली आहे. ते दोन आठवडे देतात. तेवढ्यात रोज वीस ग्रॅम वाढ दिसली, तर अडीच किलोपर्यंत थांबू. नाही तर आहे त्या वजनाला शस्त्रक्रिया. कोरे संमतीपत्र मी त्यांच्या टेबलावर परत ठेवले.

आता दूध मावशी कालवतात. बाटली आधी हलवायची. घट्ट झाकणाच्या बरणीत दूध, पूड आणि तेल घालून पुन्हा हलवायचे, लगेच ओढायचे, आणि नळीतून संपेपर्यंत सिरिंज हातात हलती ठेवायची. दोन-चार बुडबुडे राहतात. आत अडतीस आहे की साडेसदतीस, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मावशी म्हणतात, "बघू नका तिकडं. पोरीकडं बघा." मी प्रयत्न करतो.

मावशींच्या सुट्टीच्या वेळी मी कालवतो. आधी त्यांनी माझ्याकडून साध्या पाण्यावर दहा वेळा करून घेतले.

आपला जावई

७ डिसेंबर
वजन २,३२० ग्रॅम

सासूबाई,

नऊ दिवसांत दोनशे पंचेचाळीस. आपण रोज सकाळी दहा वाजता मावशींकडून आकडा घेता, त्यामुळे हा आपणांस माझ्या पत्राआधी ठाऊक असेल. तरीही लिहितो, कारण हा आकडा मला स्वतःच्या हाताने लिहायचा आहे.

गालांवर काहीतरी आले आहे. मावशी त्याला 'लोणी' म्हणतात. पूर्वी तिचा चेहरा एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्या कारकुनासारखा दिसे. आता तो मुलीसारखा दिसतो. काल तिने माझे बोट धरले आणि सोडले नाही. दुधाची वेळ सात मिनिटांनी टळली. मी ती टळू दिली.

आपले आणि मावशींचे बोलणे मी ऐकू नये, हे मला कळते. परंतु मावशींचा आवाज तीन खोल्यांना पुरतो. काल आपण विचारलेत असावे, "साहेब जेवतात का वेळेवर?" कारण मावशी म्हणाल्या, "जेवतात कसले! ताट समोर ठेवून भांडी धुतात." हे पूर्णपणे खरे नाही.

आपण येत आहात, हेही त्यांच्याचकडून कळले. दाराकडची खोली रिकामी केली आहे. त्या खोलीत आपल्या लेकीची पुस्तके आणि शिवणयंत्र आहे. ते मी हलवलेले नाही. हलवायचे की नाही, ते आपण ठरवावे.

आपला जावई

१८ डिसेंबर
वजन २,५४० ग्रॅम
रुग्णालय, तळमजला, सकाळचे पावणेदहा

आई,

ही चिठ्ठी सिस्टरांबरोबर वर पाठवतो आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या खोलीत एकाच नातेवाइकाला बसू देतात. सकाळी सिस्टरांनी "वर कोण बसणार?" असे विचारले, तेव्हा आपण माझ्याकडे पाहिलेत आणि मी आपल्याकडे बोट केले. आपणांस ते विचित्र वाटले असेल. बाप खाली आणि आजी वर.

दोन दिवस आपण एका घरात होतो. आपण माझ्याशी तीन वाक्ये बोललात. त्यांतली दोन जेवणाविषयी होती. मी एकही धड बोललो नाही. कागद समोर असला की मला जमते, हे आपण आता ओळखले असेलच.

परवा आपण आल्या आल्या हात धुतलेत आणि चिमटीला घेतलेत. नळी कशी सांभाळायची, हे मी सांगू लागलो, तर मावशींनी मला कोपराने ढोसले. आपण दुपट्याबाहेर आलेल्या तिच्या पावलाची लांबी बोटाने मोजलीत आणि हळूच काहीतरी म्हणालात. ते मी ऐकले नाही. आपली लेकही झोपेत तशीच एक पाऊल पांघरुणाबाहेर काढत असे, हे मला त्या वेळी सांगायचे होते.

सकाळी तिला आत नेण्याआधी एक अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना असा होता: शस्त्रक्रियेची वार्ता प्रथम कोणास कळवावी. तेथे मी 'आजी' असे लिहून सही केली. डॉक्टर बाहेर येतील, तेव्हा ते थेट आपल्याकडे येतील. जे काही असेल ते आधी आपल्या कानावर पडेल. माझ्यापर्यंत कोणी येणार नाही. मला कधी सांगायचे आणि सांगायचे की नाही, हे आपल्या हाती आहे. आपण कितीही वेळ घेतलात, तरी मला तो गैर वाटणार नाही.

मी जिन्याजवळच्या बाकावर आहे.

*(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)*

सव्वा वाजला. डॉक्टर आत्ताच येऊन गेले. भोक बुजवलं म्हणाले. हृदय नीट चालतंय. दोन दिवस काळजीचेच आहेत, असंही म्हणाले, ते तुमच्यापासून लपवत नाही. काचेतून बघितलं, रंग चांगला गुलाबी आहे.

त्या पत्राचं माझं अजून काही ठरलेलं नाही. ठरायला वेळ लागेल. पण बातमी दाबून ठेवायची मला सवय नाही.

इथं एकालाच सोडतात. मी खाली येते, तुम्ही वर या. लिफ्टची वाट बघत उभे राहू नका. जिन्यानं या.